‘ससून’ या नावामागचा माणूस

पुण्यात ‘ससून’ हे आडनाव राहिलेले नाही. अपघातग्रस्ताला ससूनला हलवले, शवविच्छेदन ससूनमध्ये झाले, अशा बातम्यांतून ते रोज छापले जाते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्टेशनजवळची दगडी इमारत उभी राहते, माणूस नव्हे. मुंबईकरांच्या लेखी ते कुलाब्याच्या मासळीच्या धक्क्याचे आणि काळा घोड्याजवळच्या वाचनालयाचे नाव आहे. धक्का थोरला मुलगा अब्दुल्ला ऊर्फ अल्बर्ट याने १८७५ मध्ये बांधला. वाचनालयाची वास्तूही वडिलांच्या मृत्यूनंतर पुरी झाली. खुद्द डेव्हिड ससून यांचे सर्वांत जिव्हाळ्याचे म्हणावे असे काम मात्र या प्रसिद्ध वास्तूंबाहेर, वाट चुकलेल्या मुलांच्या एका शाळेत आणि निराधार वृद्धांच्या एका आश्रमात आहे.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ सालचा, बगदादमधला. घराणे तिथल्या ज्यू समाजाचे पुढारपण करणारे आणि पाशांचा खजिना सांभाळणारे. वडील सालेह हे शहरातले वजनदार गृहस्थ होते. परंतु दाऊद पाशाच्या कारकिर्दीत ज्यूंचा छळ वाढला, श्रीमंतांकडून पैसा उकळण्याचे प्रकार नित्याचे झाले आणि घराण्याची पत हीच त्याच्यावरची आपत्ती ठरली. अखेर १८२८ च्या सुमारास पितापुत्रांना बगदाद सोडावे लागले. बसऱ्यामार्गे ते इराणच्या किनाऱ्यावरील बुशेहरला पोहोचले. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान भोगलेल्या वृद्ध सालेह यांचा १८३० मध्ये त्या परक्या बंदरातच अंत झाला. पुढे निराश्रित वृद्धांसाठी घर बांधणाऱ्या माणसाने म्हातारपणीचे परागंदा होणे असे आपल्याच घरात पाहिले होते. त्यावरून हेतूचा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. पण ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

१८३२ मध्ये डेव्हिड ससून कुटुंबासह मुंबईत आले. वय चाळिशीचे, भाषा परकी. मात्र वेळ अचूक होती. ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या व्यापारातील मक्तेदारी १८३३ च्या कायद्याने संपुष्टात आली आणि खासगी व्यापाऱ्यांना तो समुद्र मोकळा झाला. कापड, कापूस, सूत आणि अफू यांवर पेढी वाढत गेली. आठ मुलगे ही त्यांची खरी पुंजी. दुसरा मुलगा इलियास १८४४ मध्ये चीनला गेला आणि त्यानंतर बंदराबंदरातून घरचीच माणसे बसू लागली. हिशेब हिब्रू लिपीतील अरबीत लिहिले जात, त्यामुळे बाहेरच्याला ते वाचता येत नसत. डेव्हिड ससून यांनी अंगातला बगदादी झगा आणि डोक्यावरचा फेटा अखेरपर्यंत सोडला नाही. १८५३ मध्ये ते ब्रिटिश प्रजाजन झाले, तेव्हाही सही केली ती हिब्रूत.

या वह्यांत एक नोंद ठरलेली असे. प्रत्येक व्यवहारामागे पाव टक्का रक्कम दानधर्मासाठी वेगळी काढली जाई. आपल्याकडच्या पेढ्यांवरही धर्मादाय खाते असतेच. त्यामुळे मुंबईच्या बाजारपेठेला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. दान ही मनाच्या लहरीवर सोडायची गोष्ट नसून धंद्याच्या खर्चाची बाब आहे, असा हा रोकडा विचार होता. आणि नेमका तोच आज अडचणीत टाकतो. कारण व्यवहार जसा कापसाचा, तसाच अफूचाही होता. माळव्यातली अफू मुंबईच्या गोद्यांतून चीनला जाई आणि तिथे घरेच्या घरे उद्ध्वस्त करी. दुसऱ्या अफू युद्धाच्या काळात, १८५८ मध्ये चीनला या मालाची आयात कायदेशीर करणे भाग पडले. त्याचा लाभ ज्यांना झाला त्यांत ससून पेढी अग्रभागी होती. त्या काळच्या मुंबईतील कितीतरी दानशूरांच्या संपत्तीचा उगम याच मालात आहे, हे खरे. तेवढ्याने हिशेब मिटत नाही.

याच वर्षांत मुंबईच्या रस्त्यांवर दुसरा एक प्रश्न वाढत होता. बंदर फोफावले तशी निराधार, भुरट्या चोऱ्यांत सापडणारी पोरेही वाढली. त्यांना तुरुंगात सराईत गुन्हेगारांच्या संगतीला ठेवणे म्हणजे गुन्ह्याचीच शाळा. १८५० च्या एका कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलांना उमेदवार म्हणून एखाद्या धंद्यात लावण्याची सोय झाली. त्याच वर्षी ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज ब्युइस्ट यांनी मुलांसाठी उद्योगशाळा सुरू केली. कल्पना उत्तम होती, तिला पैशाचे पाठबळ हवे होते. ते डेव्हिड ससून यांनी दिले आणि १८५७ पासून शाळेला त्यांचे नाव लागले. सुधारशाळांचा स्वतंत्र कायदा सरकारने केला तो १८७६ मध्ये, म्हणजे त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी. शिक्षेऐवजी हातात हत्यार आणि कसब द्यावे, हा विचार मुंबईत एका धर्मादाय शाळेने आधी करून पाहिला होता. माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ती हीच.

आपल्या समाजातील गरीब मुलांसाठी त्यांनी वेगळी शाळा काढली. बगदादहून आलेली मुले तिथे शिकत आणि पेढीवर कारकून होऊन चीनच्या बंदरांत जात. पुढे शांघायचा कुबेर ठरलेला सायलस हार्डून अशाच धर्मार्थ शाळेत शिकला. यात परोपकार किती आणि भरवशाचे नोकर घडवण्याची दूरदृष्टी किती, हे वेगळे करणे कठीण. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलांपासून मात्र या बगदादी मंडळींनी अंतरच राखले.

पुण्यातील कामाला तो संकोच नव्हता. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ नंतर मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या तेजीच्या दिवसांत ससून यांनी पुण्यात हात मोकळा सोडला. १८६३ मध्ये रुग्णालयाची आणि लष्कर भागातील सिनेगॉगची, म्हणजे पुणेकरांच्या लाल देवळाची, पायाभरणी झाली. दोन्हींचा आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. त्याच दशकात अनाथ पंगू गृह उभे राहिले. जे आजारी आहेत त्यांच्यासाठी रुग्णालय होते. परंतु जो आजारी नाही, नुसता म्हातारा आहे, अपंग आहे आणि ज्याच्यामागे कोणी नाही, त्याला कोणत्याच रुग्णालयात खाट मिळत नाही. एकत्र कुटुंब सर्वांना सांभाळते, असे मानणाऱ्या समाजात या माणसांची स्वतंत्र सोय करावी लागेल हे ओळखणे सोपे नव्हते. नवी पेठेतील ‘निवारा’ तो हाच. अनेक पुणेकरांना तो व्याख्याने आणि सभांच्या सभागृहामुळेच ठाऊक असतो.

७ नोव्हेंबर १८६४ रोजी डेव्हिड ससून यांचे पुण्यात निधन झाले. पुढच्याच वर्षी कापसाचा बाजार कोसळून मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. ससूनांची तगली, पण ती एकसंध राहिली नाही. १८६७ मध्ये इलियासने वेगळी पेढी थाटली. मुलगे-नातवंडे हळूहळू लंडनला स्थायिक झाली, झगे जाऊन सूट आले. भायखळ्याच्या ‘सान्स सूसी’ या त्यांच्या हवेलीत पुढे मसिना रुग्णालय आले.

पुण्याचे रुग्णालय आणि लाल देऊळ, दोन्ही १८६७ मध्ये पूर्ण झाली. ती पाहायला डेव्हिड ससून नव्हते. त्यांची कबर लाल देवळाच्या आवारातच, उंच घड्याळी मनोऱ्याच्या सान्निध्यात आहे.