ओगोवेकाठचे रुग्णग्राम

आफ्रिकेच्या पश्चिम भागातील गॅबॉन देशात, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला, ओगोवे नदीच्या काठी लांबारेने वसले आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा मुलूख फ्रान्सच्या अमलाखाली होता. चहूकडे घनदाट अरण्य आणि ये-जा करण्यासाठी नदी हाच एकमेव मार्ग. हिवताप, निद्रारोग, कुष्ठरोग, आमांश आणि हर्निया यांनी गावेच्या गावे पिडलेली असत. पण शेकडो किलोमीटरच्या टापूत डॉक्टर मिळणे दुरापास्त होते. अशा ठिकाणी १६ एप्रिल १९१३ रोजी एक जर्मन दांपत्य येऊन दाखल झाले. डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर आणि त्यांच्या पत्नी हेलेन हे ते दांपत्य.

श्वाइट्झर यांचा जन्म १४ जानेवारी १८७५ रोजी अल्सेस प्रांतातील काइझर्सबर्ग येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. बालपण शेजारच्या गुन्सबाख गावी गेले. तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत त्यांनी पांडित्य मिळवले, ऑर्गनवादक म्हणून युरोपात कीर्ती संपादन केली आणि बाख या संगीतकारावर लिहिलेल्या ग्रंथाने जाणकारांची दाद मिळवली. मात्र वयाच्या एकविसाव्या वर्षीच त्यांनी मनाशी एक निश्चय केला होता. तिशीपर्यंत ज्ञान आणि कला यांची उपासना करायची आणि त्यानंतरचे आयुष्य माणसांच्या प्रत्यक्ष सेवेला वाहायचे, असा तो निश्चय होता. १९०४ साली पॅरिसच्या एका मिशनरी संस्थेच्या मासिकात गॅबॉनमधील कार्यकर्त्यांच्या तुटवड्याविषयीचा लेख त्यांच्या वाचनात आला आणि सेवेचे क्षेत्र निश्चित झाले.

स्ट्रासबर्ग विद्यापीठात अध्यापन करणारा हा विद्वान तिसाव्या वर्षी त्याच विद्यापीठात वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी झाला. आप्तेष्टांना हा वेडेपणा वाटला. हेलेन यांनी मात्र परिचारिकेचे प्रशिक्षण घेतले आणि १९१२ साली दोघे विवाहबद्ध झाले. श्वाइट्झर यांची धर्मविषयक मते संस्थेला मानवणारी नव्हती. तेव्हा आपण केवळ डॉक्टर म्हणून काम करू, उपदेश करणार नाही, अशी हमी देऊन आणि खर्चाचा भार स्वतः उचलून त्यांनी जाण्याची परवानगी मिळवली. मित्रांकडून देणग्या, ग्रंथांचे मानधन आणि ऑर्गनच्या मैफली हेच त्यांचे भांडवल होते.

लांबारेनेत त्यांची पहिली शस्त्रक्रियेची खोली म्हणजे कोंबड्यांचे एक जुने खुराडे होते. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे दोन हजार रुग्ण येऊन गेले. ओंडके कोरून केलेल्या होड्यांतून लोक कित्येक दिवसांचा प्रवास करून येत. जोसेफ आझोआवानी हा स्थानिक गृहस्थ मूळचा स्वयंपाकी. तो श्वाइट्झर यांचा दुभाषा आणि पहिला सहायक बनला. रुग्णाबरोबर त्याचे नातलग येत आणि आपली चूल आपणच मांडत, कारण परक्या जमातीच्या माणसाने रांधलेले अन्न खाण्यास अनेकजण धजावत नसत. ही रीत मोडण्याऐवजी श्वाइट्झर यांनी तिचाच आधार घेतला. रुग्णाला शिधा द्यायचा, नातलगांनी स्वयंपाक आणि शुश्रूषा करायची आणि धडधाकट असतील त्यांनी इस्पितळाच्या कामाला हातभार लावायचा, अशी व्यवस्था रूढ झाली. अशा रीतीने इस्पितळ हळूहळू एखाद्या गावासारखे दिसू लागले.

पहिल्या महायुद्धाने हे काम उधळले. फ्रेंच वसाहतीतील जर्मन नागरिक म्हणून श्वाइट्झर पती-पत्नींना १९१४ साली नजरकैदेत ठेवण्यात आले आणि १९१७ साली फ्रान्समधील छावण्यांत हलवण्यात आले. तत्पूर्वी, १९१५ साली नदीतून प्रवास करताना, जीवनाविषयीचा आदर हे त्यांच्या तत्त्वज्ञानाचे सूत्र त्यांना गवसले होते. सुटकेनंतर प्रकृती ढासळलेली आणि डोक्यावर कर्ज अशी अवस्था होती. स्वीडनमध्ये व्याख्याने आणि मैफली करून त्यांनी ते कर्ज फेडले. १९२४ साली ते लांबारेनेला परतले तेव्हा बहुतेक इमारती कोसळल्या होत्या आणि वाटांवर रान माजले होते.

त्यांच्या कार्याची खरी कसोटी यानंतर लागली. १९२५ साली त्या भागात दुष्काळ आणि आमांशाची साथ एकाच वेळी आली. दुष्काळाचे मूळ केवळ पावसात नव्हते. ओकूमे जातीच्या लाकडाला युरोपात मोठी मागणी होती. मजुरीसाठी पुरुष जंगलतोडीच्या तळांवर जात आणि गावोगावची केळीची व मॅनिऑक या कंदाची लागवड मागे पडे. बाहेरून येणारा तांदूळ वेळेवर पोचला नाही की उपासमार ठरलेली. केवळ औषधे देऊन भागणार नाही, धान्य आणि भाजी पिकवणारी स्वतःची जमीन हवी, हे श्वाइट्झर यांना उमगले. नदीच्या वरच्या अंगाला सुमारे तीन किलोमीटरवर त्यांनी नवी जागा मिळवली. अरण्य तोडण्यापासून खांब रोवण्यापर्यंतच्या कामावर ते दीड वर्ष जातीने उभे राहिले. महापुराचे पाणी शिरू नये म्हणून घरे खांबांवर उभारली आणि उन्हाचा ताप भिंतींना कमी लागावा म्हणून ती पूर्व-पश्चिम लांब ठेवली. जानेवारी १९२७ मध्ये रुग्ण नव्या वसाहतीत हलवण्यात आले. भोवती केळी, मका, मॅनिऑक आणि फळझाडांची लागवड झाली. फळे ज्याला हवी त्याने घ्यावीत, असा नियम केल्याने फळांची चोरी हा प्रश्नच उरला नाही.

१९५२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले. त्या रकमेचा विनियोग त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी केला. नव्या सल्फोन औषधांमुळे कुष्ठरोग बरा होण्याची आशा निर्माण झाली होती, परंतु उपचार दीर्घकाळ चालत. त्यासाठी रुग्णांना कुटुंबासह राहता येईल अशी पक्की घरे हवी होती. ऐंशीच्या घरातील श्वाइट्झर डोक्यावर हॅट घालून बांधकामावर उभे असत आणि कुष्ठरुग्ण स्वतःच आपली घरे उभारत. १९५७ साली त्यांनी ऑस्लो नभोवाणीवरून अणुचाचण्यांविरुद्ध आवाज उठवला. भारतीय तत्त्वचिंतनावरही त्यांचा एक ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला होता. त्यातील निष्कर्ष आपल्याकडील अनेक विद्वानांना पटले नाहीत, तरी एका युरोपीय विचारवंताची त्यामागची जिज्ञासा उल्लेखनीय आहे.

कीर्तीबरोबर टीकाही आली. इस्पितळात वीज केवळ शस्त्रक्रियागृहापुरती होती, नळाचे पाणी नव्हते, शेळ्या-कोंबड्या आवारात मुक्तपणे हिंडत. ओळखीच्या वातावरणात रुग्णाची भीती ओसरते, हे त्यावरचे त्यांचे समर्थन होते आणि त्यात तथ्यही होते. परंतु दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. आफ्रिकी माणसाला ते बंधू मानत, पण धाकटा बंधू मानत. निर्णय त्यांचे, शिस्त त्यांची, देखरेख युरोपीय सहकाऱ्यांची. स्थानिक तरुणांतून डॉक्टर आणि परिचारिका घडवण्याकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही. १९६० साली गॅबॉन स्वतंत्र झाला, तेव्हा नव्या पिढीला हा पालकत्वाचा सूर खटकू लागला. गोऱ्यांनी आफ्रिकेवर केलेल्या अन्यायाची अल्पशी भरपाई म्हणून आपण ही सेवा करतो, असे मानणाऱ्या माणसाला वसाहतवादी वृत्तीची ही छाया स्वतःत दिसू नये, हा त्यांच्या आयुष्यातील मोठा विरोधाभास होय.

४ सप्टेंबर १९६५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लांबारेनेतच त्यांचे निधन झाले. १९५७ साली निवर्तलेल्या हेलेन यांच्या अस्थींशेजारी, नदीकाठी, त्यांना विसावा मिळाला. कन्या ऱ्हेना यांनी काही वर्षे इस्पितळाची धुरा वाहिली. १९८१ साली शेजारीच नवे इस्पितळ उभे राहिले आणि जुन्या वास्तू वस्तुसंग्रहालय म्हणून जतन करण्यात आल्या. लांबारेनेतील संशोधन केंद्र पुढे हिवतापावरील लशीच्या चाचण्यांमध्ये सहभागी झाले आणि तेथे गॅबॉनचे शास्त्रज्ञ काम करू लागले. संस्थापकाच्या हयातीत जे घडले नाही, ते त्याच्या पश्चात घडले.

श्वाइट्झर यांनी लोकांची चूल आणि त्यांचे नातेसंबंध इस्पितळात सामावून घेतले, शेतीला उपचारांइतकेच महत्त्व दिले आणि रुग्णांच्या हातून त्यांची घरे उभारली. खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या कोणत्याही सेवाभावी संस्थेने हे त्यांच्याकडून घ्यावे. मात्र ज्यांच्यासाठी गाव वसवले, त्यांच्या हाती त्याचा कारभार सोपवण्याचे काम त्यांच्याकडून राहून गेले. त्यांच्या आयुष्याचे मोल करताना या दोन्ही बाजू सारख्याच लक्षात ठेवणे, हीच त्यांना वाहिलेली खरी आदरांजली ठरेल.