मॅन्युअल लिहिणाऱ्या ॲडमिरल

ग्रेस हॉपर यांचं नाव निघालं की कॉम्प्युटरवाल्यांना आधी तो किडा आठवतो. १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क टू मशीनच्या रिलेत एक पतंगकिडा अडकला, लॉगबुकात चिकटवला गेला आणि ‘बग’ची गोष्ट जगभर झाली. खरं म्हणजे तो किडा हॉपर यांना सापडला नव्हता आणि बग हा शब्दही जुनाच होता. त्यांचं मोठं काम वेगळंच आहे, आणि आपल्याला ते सगळ्यात बोअर वाटतं. ते म्हणजे डॉक्युमेंटेशन.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. लहानपणी घरातली गजराची घड्याळं खोलून बघायचा नाद. व्हॅसार कॉलेजात गणित शिकवत असतानाच १९३४ मध्ये त्यांनी येलमधून पीएच.डी. केली. दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत जायचं ठरवलं, तर वजन नियमापेक्षा १५ पाउंड कमी भरलं! तरी खास परवानगी काढून त्या भरती झाल्याच. १९४४ मध्ये पोस्टिंग मिळालं हार्वर्डच्या मार्क वन या ५१ फूट लांब मशीनवर.

तिथले प्रमुख हॉवर्ड एकेन यांनी हुकूम सोडला, या मशीनचं पुस्तक लिहा. हॉपर यांनी तोवर पुस्तक लिहिलं नव्हतं, पण नेव्हीत नाही म्हणायची सोय नसते. रोज लिहिलेली पानं त्या एकेन यांना वाचून दाखवत. १९४६ मध्ये ५६१ पानांचं मॅन्युअल छापून आलं. त्यात इतिहास होता, मशीनचे भाग, सर्किटं, कोडिंग आणि शेवटी सोडवून दाखवलेली उदाहरणंही होती. लेखक म्हणून मात्र छापलं होतं, कॉम्प्युटेशन लॅबोरेटरीचा स्टाफ.

हार्वर्डला प्रोग्रामर नीट चालणारे कोडचे तुकडे वहीत उतरवून ठेवत आणि एकमेकांच्या वह्यांतून कॉपी करत. कॉपी करताना चुका व्हायच्याच (हे आपल्याला वेगळं सांगायला नको!). १९४९ मध्ये हॉपर युनिव्हॅक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या आणि १९५२ पर्यंत त्यांनी ए-झिरो तयार केलं. तुकडे टेपवर साठवायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा. प्रोग्रामरने फक्त नंबर सांगायचे, जोडाजोडी मशीन करेल. त्यांनी त्याला कंपायलर म्हटलं. आजच्या भाषेत ते लिंकरच्या जास्त जवळचं, म्हणजे आपल्या बिल्ड टूल्सचं पणजोबाच.

१९५३ मध्ये पुढचं ए-टू ग्राहकांकडे गेलं ते सोर्स कोडसकट, आणि सुधारणा करून परत पाठवा अशी विनंती सोबत होती. ‘ओपन सोर्स’ हे नाव पडलं १९९८ मध्ये! पण सुधारणा परत यायच्या तर सगळ्यांनी एका शब्दाचा एकच अर्थ घ्यायला हवा. म्हणून १९५४ मध्ये एसीएम या संस्थेने प्रोग्रामिंगच्या शब्दांची पहिली सूची काढली. त्या समितीच्या अध्यक्ष होत्या हॉपर.

पुढे त्यांच्या फ्लो-मॅटिकवरून १९५९ मध्ये कोबोल आकाराला आली. १९६६ च्या शेवटी नेव्हीने त्यांना निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. काम होतं कोबोलचं स्टँडर्ड ठरवणं आणि कंपायलर त्याप्रमाणे चालतात का ते तपासणं. ते सहा महिने संपले १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल म्हणून! १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, आज मेक, सीमेकसारखी टूल्स फुकट मिळतात, पण कोड बदलतो आणि माहितीचं पान मागे राहतं. एखादा ऑप्शन नुसता नावापुरता दिलेला असतो, उदाहरण नसतं. जुन्या जाणकारांना ते खटकत नाही, कारण त्यांना सगळं पाठ असतं. अडतं ते नवख्याला, म्हणजे आपल्याला. मग रात्रभर डोकं आपटून एखादा ऑप्शन समजला, तर दोन ओळी आणि एक चालणारं उदाहरण लिहून त्या प्रोजेक्टला पाठवायला काय हरकत आहे? लेखक म्हणून आपलं नाव कदाचित येणार नाही. हॉपर यांचंही त्या मॅन्युअलवर आलं नव्हतं.