लडाखच्या मठांत शब्दांचे भांडार शोधणारा हंगेरियन

अलेक्झांडर चोमा द कोरोश यांचा जन्म १७८४ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातील कोरोश या खेड्यात झाला. हंगेरियन लोकांचे मूळ आशियाच्या अंतर्भागात असावे, या विचाराने त्यांना विद्यार्थिदशेतच झपाटले होते. १८१९ मध्ये ते त्या आदिभूमीच्या शोधात निघाले आणि बगदाद, तेहरान, बुखारा, काबूल, लाहोर, काश्मीर असा बराचसा पायी प्रवास करीत जून १८२२ मध्ये लेहला पोहोचले. यारकंदकडची वाट मात्र त्यांना खुली झाली नाही.

परतताना द्रासजवळ त्यांची ईस्ट इंडिया कंपनीच्या विल्यम मूरक्रॉफ्ट यांच्याशी गाठ पडली. मूरक्रॉफ्ट यांनी द्रव्यसाहाय्य देऊ केले. त्या बदल्यात तिबेटी भाषेचा कोश आणि व्याकरण सिद्ध करण्याचे चोमांनी मान्य केले. स्वतःचा शोध त्यांनी काही काळापुरता बाजूला ठेवला. तो काळ पुढे वीस वर्षांचा झाला.

१८२३ मध्ये ते झांस्कारमधील झांगला येथे लामा सांग्ये फुंत्सोग यांच्यापाशी शिकू लागले. नऊ फूट लांबी-रुंदीच्या खोलीत गुरू, शिष्य आणि एक सेवक हिवाळा कंठीत. बाहेर बर्फ, आत शेकोटी नाही, अंधार पडल्यावर दिवाही नाही. मेंढीच्या कातड्यात गुरफटून चोमा दिवसभर पोथ्या वाचीत.

पुढे ते सबाथूच्या ब्रिटिश छावणीत आले, तेव्हा अधिकाऱ्यांना त्यांच्या हेतूविषयी संशय आला. संशय फिटल्यावर त्यांना महिना पन्नास रुपये मंजूर झाले आणि १८२५ मध्ये ते पुन्हा झांस्कारला, फुक्तालच्या मठात गेले. उंच कड्यातील गुहेच्या तोंडाशी मधाच्या पोळ्यासारखा चिकटलेला हा मठ. मात्र लामांनी या वेळी कामाकडे पुरेसे लक्ष दिले नाही आणि कोश अपुराच राहिला. त्याच सुमारास मूरक्रॉफ्ट यांचाही मध्य आशियात अंत झाला होता. ज्याला शब्द दिला तो माणूस गेला, तरी दिलेला शब्द चोमांनी सोडला नाही. १८२७ पासून किन्नौरमधील कानम येथे कांग्युर आणि तेंग्युर या ग्रंथसंग्रहांच्या सान्निध्यात त्यांनी आणखी तीन वर्षे काढली.

१८३४ मध्ये कोलकात्यात तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य जगातील तिबेटविद्येचा भक्कम पाया त्यातून घातला गेला.

ऋण फिटले होते. १८४२ मध्ये चोमा ल्हासामार्गे आपल्या मूळ शोधाकडे निघाले. तराईच्या जंगलात जडलेल्या तापाने त्यांना दार्जिलिंगला गाठले आणि ११ एप्रिल रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मागे उरल्या त्या पुस्तकांच्या चार पेट्या, अंगावरचा निळा पोशाख आणि थोडे किरकोळ सामान. पूर्वजांची भूमी त्यांना सापडली नाही. मात्र १९३३ मध्ये जपानमधील बौद्धांनी त्यांना बोधिसत्त्व म्हणून गौरविले आणि दार्जिलिंगच्या त्यांच्या समाधीपाशी आजही हंगेरियन प्रवासी नतमस्तक होतात.