डॉ. भाऊ दाजी लाड

विद्यार्थी मित्रांनो, पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारपेठेतून जाताना तुम्ही डॉक्टरांच्या पाट्या पाहिल्या असतील. नावापुढे पदवीची अक्षरे असतात. ती वाचून आपण निर्धास्तपणे दवाखान्यात शिरतो. पण एके काळी आपल्या देशात मिळवलेल्या अशा पदवीला पुरता मान नव्हता. त्या काळातील एका डॉक्टरांची ही ओळख.

भाऊंचा जन्म १८२२ मध्ये गोव्यातील मांद्रे गावी एका गरीब कुटुंबात झाला. मुंबईला येऊन ते एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. १८४५ मध्ये भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. जे. जे. रुग्णालय तुम्हाला ऐकून माहीत असेल. हे कॉलेज त्याच आवारात आहे. भाऊंनी हातची नोकरी सोडली आणि तेविसाव्या वर्षी ते पुन्हा विद्यार्थी झाले!

१८५१ मध्ये कॉलेजची पहिली तुकडी उत्तीर्ण झाली. तिच्यात भाऊ होते. पण मुंबईत तेव्हा विद्यापीठच नव्हते. ही पदवी कॉलेजची होती. ती घेऊन सरकारी नोकरीत गेले, तर सब-असिस्टंट सर्जन ही दुय्यम जागा मिळे. वरच्या जागांवर इंग्रज डॉक्टर असत. १८५५ मध्ये त्या जागांची परीक्षा हिंदी तरुणांनाही खुली झाली. पण ती होई लंडनला! तिथवर जाणे किती जणांना परवडणार?

भाऊ निराश झाले नाहीत. त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. कडू कवठीच्या बियांचे तेल वापरून कुष्ठरोगावर उपचार केले. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. हिंदी लोकांना सरकारी कारभारात वाव मिळावा, असा अर्ज या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे पाठवला.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या पहिल्या सदस्यांत भाऊंची नेमणूक झाली. १८६० मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज विद्यापीठाला जोडले गेले. पुढील विद्यार्थ्यांना विद्यापीठाची पदवी मिळू लागली. स्वतः भाऊंजवळ मात्र कॉलेजचीच पदवी होती.

३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

मित्रांनो, आता डॉक्टरांची पाटी वाचाल, तेव्हा भाऊंना आठवा. पदवीचा मान कागदाने मिळतो, की कामाने? तुम्हीच विचार करा.