विश्लेषण : जुन्या ऑटोमॅटिक गाडीत कोणते ऑईल? उत्तर सुरू होते १९०५च्या एका पेटंटपासून

परभणी : जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि गिअरबॉक्सचे ऑईल कमी निघाले, की पहिला सल्ला ठरलेला असतो. कुठलेही लाल ऑईल टाका, सगळी सारखीच. हा सल्ला महागात का पडू शकतो, हे समजण्यासाठी हर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याकडे जावे लागते. मेकॅनिकलच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. जिंतूर, सेलूच्या शिवारात शेततळे खोदणारा जेसीबी मात्र त्यांच्याच कल्पनेवर पुढे-मागे होतो.

कोण होते फोटिंगर?

९ फेब्रुवारी १८७७ रोजी न्यूरेंबर्गमध्ये त्यांचा जन्म झाला. म्युनिकमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकून १८९९ मध्ये ते श्टेटिनच्या (आजचे पोलंडमधील श्चेचिन) व्हल्कन जहाज कारखान्यात रुजू झाले. जहाजाच्या फिरत्या शाफ्टला किती पीळ बसतो, यावरून इंजिनाची ताकद मोजणारे उपकरण त्यांनी तयार केले. त्यातूनच खरा प्रश्न पुढे आला. वाफेचे टर्बाइन वेगाने फिरले तरच चांगले काम देते, पंखा मात्र सावकाश फिरला तरच पाणी नीट ढकलतो. शिवाय टर्बाइन उलटे फिरत नाही. एवढी ताकद पेलणारे भरवशाचे गिअर तेव्हा नव्हते.

जनरेटरने वीज करायची आणि मोटरने पंखा फिरवायचा, हा मार्ग होता. पण वजन आणि खर्च फार. फोटिंगर यांनी विजेच्या जागी पाणी आणले. विहिरीवरचा पंप जोराने पाणी फेकतो; त्या धारेपुढे पात्यांचे चाक धरले तर ते फिरते. पंप आणि चाक एकाच बंद डब्यात समोरासमोर बसवायचे, मध्ये पाण्याची दिशा वळवणारी स्थिर पाती ठेवायची, म्हणजे वेग कमी होऊन पीळ वाढतो. दोन शाफ्टमध्ये लोखंडाचा एकही सांधा नाही. २४ जून १९०५ हा त्या पेटंटचा दिवस. हाच आजचा टॉर्क कन्व्हर्टर.

जहाजे गेली, रस्ता मिळाला

१९०९ मध्ये फोटिंगर डान्झिगला प्राध्यापक झाले. १९१३ मध्ये बांधलेल्या ‘क्योनिगिन लुईझ’ या प्रवासी जहाजात त्यांची यंत्रणा बसली. पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १९१४ रोजी, सुरुंग पेरायला निघालेले ते जहाज ब्रिटिशांनी बुडवले. पण यंत्रणेला खरा धक्का गिअरनी दिला. चांगले गिअर मिळू लागले, त्यांत ताकद कमी वाया जाई, आणि जहाजांनी पाण्याची पेटी सोडली.

१९२४ पासून ते बर्लिनमध्ये शिकवत होते. दरम्यान हॅरॉल्ड सिंक्लेअर या इंग्रज अभियंत्याने लंडनच्या बसचे धक्के कमी करण्यासाठी हीच कल्पना उचलली, १९३० मध्ये डेमलर गाड्यांत ती आली, तर १९४०च्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक गिअरबॉक्सबरोबर. २८ एप्रिल १९४५ रोजी, बर्लिन पडत असताना, फोटिंगर यांचा मृत्यू झाला. टॉर्क कन्व्हर्टर बसवलेली ब्युइकची डायनाफ्लो १९४८ मध्ये बाजारात आली; ती त्यांनी पाहिली नाही.

मग ऑईलचा घोळ कुठून?

फोटिंगर यांच्या पेटीत साधे पाणी चालले, कारण त्याला फक्त ढकलायचे होते. मोटारीत त्याच द्रवावर आणखी कामे येऊन पडली : गिअरना वंगण, दाबाने क्लच आवळणे, उष्णता वाहून नेणे. शिवाय ऑईलमध्ये बुडालेल्या क्लच प्लेट किती घसरू द्यायच्या आणि कधी धरायच्या, हेही ऑईलमधली रसायनेच ठरवतात. जनरल मोटर्सच्या डेक्स्रॉनमध्ये सुरुवातीला हे काम व्हेलच्या तेलाकडे होते. व्हेलला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि १९७३ मध्ये नवे डेक्स्रॉन-२ आणावे लागले. फोर्डचे टाइप-एफ उलट स्वभावाचे, क्लच झटकन पकडणारे. दोन्ही ऑईल लालच. तो रंग नुसता ओळखीसाठी, गळती दिसावी म्हणून घातलेला. लाल रंगावरून ऑईल निवडणे म्हणजे डबीच्या रंगावरून औषध घेणे.

गाडीत काय टाकायचे?

कंपनीच्या पुस्तिकेत किंवा डिपस्टिकवर लिहिलेले स्पेसिफिकेशन असलेलेच. टोयोटाचे टी-४ आणि डब्ल्यूएस एकाच कंपनीची असली तरी एकमेकांत मिसळायची नाहीत. डब्ल्यूएस बरेच पातळ आहे. सीव्हीटीचे ऑईल वेगळे. एएमटी गाडीत तर टॉर्क कन्व्हर्टरच नसतो. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, त्यामुळे तिथे लाल एटीएफ नव्हे, कंपनीने सांगितलेले गिअर ऑईलच लागते. दुकानात ‘ऑटोमॅटिक आहे’ एवढेच सांगणाऱ्याची गफलत इथेच होते.

चुकीचे ऑईल पडलेच, तर एकदा ड्रेन करून भागत नाही. बरेचसे ऑईल कन्व्हर्टरमध्येच राहते. दोन-तीन वेळा काढून, भरून, थोडे चालवून ते बदलावे लागते. मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांपुढे जातो आणि तापलेले ऑईल लवकर खराब होते. काळपट रंग, जळका वास किंवा गिअर पडताना थरथर जाणवली, तर वरून भर घालण्याआधी आत काय आहे ते पाहावे. गाडी विकणाऱ्याकडून आधी भरलेल्या ऑईलचे बिल मागून घ्यावे. बिल नसेल, तर जुने ऑईल काढून योग्य स्पेसिफिकेशनचे भरावे आणि त्याचे नाव, तारीख व किलोमीटर बॉनेटच्या आत चिकटवून ठेवावे.