अब्दुल करीम खाँ

उस्ताद अब्दुल करीम खाँ (जन्म : कैराना, ११ नोव्हेंबर १८७२, मृत्यू : सिंगपेरुमाल कोईल, २७ ऑक्टोबर १९३७) हे हिंदुस्थानी संगीतातील थोर ख्यालगायक होते. अब्दुल वहीद खाँ यांच्यासह ते किराणा घराण्याचे प्रवर्तक मानले जातात. जन्म उत्तर भारतातील असला तरी त्यांचे कर्तृत्व मुख्यतः मिरज, पुणे, मुंबई व दक्षिण भारत या प्रदेशांत घडले. त्यांच्या मैफली ऐकलेली पिढी आता उरलेली नाही. आजच्या श्रोत्यांपुढे खाँसाहेब आहेत ते तबकड्यांमधले.

जीवन

वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. गायनाबरोबर सारंगी व बीन यांचाही अभ्यास त्यांनी केला. तरुणपणी ते बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोदे दरबारी गात होते. तेथील सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हे नाते सरदार घराण्याला मान्य होणे शक्य नव्हते, म्हणून दोघांनी बडोदे सोडले. मुंबईनंतर मिरज हे त्यांचे मुख्य ठिकाण झाले.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. सवाई गंधर्व, रोशनआरा बेगम, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हे त्यांचे नामवंत शिष्य. १९२२ मध्ये ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांची अपत्ये संगीतक्षेत्रात मोठ्या मानाने वावरली. परंतु पित्याचे नाव त्यांच्यापैकी कोणीही लावले नाही.

ध्वनिमुद्रिका

खाँसाहेबांच्या पहिल्या तबकड्या १९०५ च्या सुमारास निघाल्या. त्या काळी तबकडीच्या एकाच बाजूवर गाणे असे, पाठ कोरी राही. गायकाला कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे आणि सुमारे तीन मिनिटांत सर्व आटोपावे लागे. ज्या गायकाचा स्वभाव एकेका स्वरावर रेंगाळण्याचा, त्याला ही जाचक अट होती.

त्यांचे खरे ध्वनिमुद्रण १९३० च्या दशकाच्या मध्यास झाले. तोवर विजेचे ध्वनिमुद्रण रूढ झाले होते आणि मायक्रोफोनला हळुवार आवाजही टिपता येत होता. साठी ओलांडलेल्या खाँसाहेबांचा बारीक, टोकदार, किंचित अनुनासिक आवाज या यंत्राला जणू मानवला. तबकडीला आता दोन बाजू होत्या. पुष्कळदा एका बाजूवर रागदारी ख्याल व दुसरीवर ठुमरी, भजन किंवा नाट्यपद अशी कंपन्यांची वाटणी असे. गंभीर श्रोत्याने पहिली बाजू लावावी आणि दुसरी केवळ रंजनासाठी ठेवावी, असा त्यामागे अलिखित संकेत होता.

खाँसाहेबांच्या बाबतीत हा संकेत फसतो. झिंझोटीतील त्यांची ‘पिया बिन’ ही ठुमरी ख्यालाच्याच संथपणाने चालते. ठुमरीचा नखरा तिच्यात जवळजवळ नाही. आर्तता मात्र ओतप्रोत आहे. हीच रचना कुंदनलाल सैगल यांनी १९३५ च्या ‘देवदास’ चित्रपटात आपल्या ढंगाने गायिली. ‘मानापमान’ नाटकातील ‘चंद्रिका ही जणू’ हे पदही रंगभूमीच्या थाटाला पूर्ण बाजूला सारून त्यांनी गायिले आहे.

सर्वांत धाडसी म्हणावे असे मुद्रण दाक्षिणात्य संगीताचे आहे. म्हैसूर दरबाराने त्यांना ‘संगीतरत्न’ ही पदवी दिली होती आणि दक्षिणेतील वास्तव्यात कर्नाटक पद्धतीचा त्यांनी आस्थेने अभ्यास केला होता. त्यागराजांची खरहरप्रिया रागातील कृती त्यांनी तबकडीवर गायिली. उत्तरेकडील उस्तादाने तेलुगू कृती गावी, हे तत्कालीन घराणेदार मंडळींच्या कल्पनेतही नव्हते. उच्चार दाक्षिणात्य कानांना खटकतील, चालही थोडी बदललेली वाटेल. पण रागाच्या स्वरांवरील त्यांची पकड कोठेही सैल होत नाही. ख्यालात सरगम मोकळेपणाने घेण्याची त्यांची रीतही याच संपर्कातून आली. सरगम म्हणजे शिकवणीतील पाठ, तो मैफलीत कशाला, असा आक्षेप त्यावर होता. पुढे किराणा घराण्यात ती रूढ झाली आणि आक्षेपाचा विसर पडला.

श्रुतींविषयीही त्यांना कुतूहल होते. सांगलीचे कृ. ब. देवल व न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या श्रुतिसंशोधनासाठी त्यांनी प्रत्यक्ष गाऊन साहाय्य केले.

त्यांच्या लयकारीवर व बंदिशींच्या मर्यादित संग्रहावर टीका झाली आहे आणि ती सर्वस्वी निराधार नाही. मात्र केवळ ख्यालाच्या बाजू ऐकून बनवलेले मत अपुरे ठरते. लहानग्या भीमसेन जोशींनी गदगमध्ये ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडले, ती ठुमरीचीच तबकडी होती.

अखेर

ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीकडे आगगाडीने जात असता त्यांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाल कोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांचे पार्थिव मिरजेस आणून ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आले. याच दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अनेक वर्षे हजेरी लावीत. आता तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा भरते.