रविवारची सुट्टी आणि वेळेवर पगार मागणारे नारायण मेघाजी लोखंडे

रविवारी बँक बंद, कचेरी बंद, कारखान्यालाही सुट्टी. ही सुट्टी आपोआप मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १८९० साली मिळाली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची कित्येक वर्षांची खटपट होती.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातले. घरची गरिबी, तरी मॅट्रिकपर्यंत शिकले. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केली, मग मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. १८८० पासून त्यांनी मुंबईत 'दीनबंधू' हे पत्र चालवले.

गिरणीत काम करणारे बहुतेक लोक रत्नागिरी, सातारा, पुणे अशा भागांतल्या गावांतून आलेले. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम. बायका आणि लहान पोरंही कामावर. आठवड्याची सुट्टी नाही.

त्याहून वाईट गोष्ट पगाराची. केलेल्या कामाचे पैसे कित्येक आठवडे मालकाकडेच अडकून पडायचे. तोवर घर वाण्याच्या उधारीवर चालायचे, वर व्याज. वैतागून काम सोडावे म्हटले तर अडकलेला पगार बुडायची भीती. कागदावर माणूस मोकळा, पण कमाई दुसऱ्याच्या हातात, म्हणून तो जागचा हलू शकत नव्हता. लोखंडे यांनी ही गोम बरोबर ओळखली.

१८८४ साली त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संघटना उभी केली. त्याच वर्षी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनसाठी तयार झाला. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार.

लगेच काहीच झाले नाही. लोखंडे सभा घेत राहिले. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषण केले. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात ती आली.

पगाराच्या तारखेची मागणी मात्र त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. मुंबईत प्लेग आला तेव्हा ते लोकांच्या मदतीला उभे राहिले आणि त्याच साथीत फेब्रुवारी १८९७ मध्ये गेले. वेळेवर पगार देण्याचा कायदा यायला १९३६ साल उजाडले. सरकारने २००५ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

आज गावातला पोरगा एमआयडीसीत लागतो आणि ठरल्या तारखेला खात्यावर पैसे पडल्याचा मेसेज येतो. तिकडे उचल घेऊन ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याला ती फिटेपर्यंत मुकादम सोडता येत नाही. लोखंडे यांनी १८८४ साली मांडलेला प्रश्न त्या कोपीत अजून तसाच आहे.